प्रश्नाची वाट पाहणारा योद्धा

आपल्या घरांतून व्हिडिओ गेमविषयी बोलणे निघाले की ते बहुधा तक्रारीच्या सुरात निघते. मुलांचे डोळे बिघडतात, ताटातले जेवण थंड होते, हाक मारली तर ओ मिळत नाही, आणि पडद्यावर पाहावे तर मारामारीवाचून दुसरे काही चाललेले नसते. अशी तक्रार करणाऱ्या आयाबायांशी वाद घालण्याची माझी मुळीच इच्छा नाही. हाक मारून ओ न मिळणे म्हणजे काय, हे मीही अनुभवले आहे. तथापि आज मला ज्याच्याविषयी लिहायचे आहे, तो अशाच एका मारामारीच्या खेळातला योद्धा आहे. त्याचे नाव र्‍यू. मध्ये मोठमोठे खंड पडले असले तरी तीस वर्षांहून अधिक काळ मी त्याच्याच बाजूने खेळत आलो आहे. ‘धीर’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. आजाऱ्याला धीर देतो, संकटात धीराने घ्यायला सांगतो, आणि पुष्कळदा ‘गप्प बसा’ एवढेच त्यातून सुचवायचे असते. त्या शब्दाच्या पोटात आणखी काय काय दडलेले असते, ते मला या योद्ध्याच्या संगतीत हळूहळू उमगत गेले. वाचकांनी थोडा वेळ माझ्यासोबत या अनोळखी आखाड्याच्या कडेला बसावे, अशी विनंती आहे.

जपानमधील ओसाका शहरात कॅपकॉम नावाची कंपनी आहे. तिने 1987 साली ‘स्ट्रीट फायटर’ नावाचा खेळ बाजारात आणला. त्याचा खरा बोलबाला झाला तो 1991 साली आलेल्या दुसऱ्या भागाने. खेळाची मांडणी अगदी साधी आहे. सपाट भूमीवर दोन योद्धे समोरासमोर उभे राहतात. प्रत्येकाच्या डोक्यावर, पडद्याच्या वरच्या कडेला, त्याच्या उरलेल्या बळाची एक पट्टी असते. फटका बसला की पट्टी आखडते, संपली की योद्धा कोसळतो. दोन्ही पट्ट्यांच्या मधोमध घड्याळ असते आणि ते नव्व्याण्णवपासून खाली उतरत जाते. तीनपैकी दोन फेऱ्या जिंकणारा विजयी. हाताशी आठ दिशांना वळणारी दांडी आणि सहा बटणे, तीन ठोशांची व तीन लाथांची. एवढ्या सामग्रीवर जगभरच्या मुलांनी आपले खिसे रिकामे केले.

1993 साली मी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाला होतो. वसईहून मुंबईला जाण्यायेण्याचा लोकलचा पास वडील काढून देत. बाकी खर्चाला रोज जे पैसे मिळत, त्यांतून चहा वजा जाता दोन रुपये उरत. दादर स्थानकाजवळच्या एका चिंचोळ्या दुकानात हे यंत्र होते. एक रुपयाला एक खेळ. दोघे खेळत, हरणारा उठे, जिंकणारा तसाच बसून राही, आणि पुढचा रुपया नव्याने येणाऱ्याच्या खिशातून निघे. तिथे येणाऱ्या प्रत्येक मुलाने पहिला रुपया धालसीमवर घालवला असेल. निवडायला मिळणाऱ्या आठ योद्ध्यांत हा एक भारतीय होता. गळ्यात कवट्यांची माळ, तोंडातून आग, आणि रबरासारखे हवे तेवढे लांबणारे हातपाय. आपल्या देशाविषयी जपानी लोकांची काय कल्पना आहे हे पाहून आम्ही पोट धरून हसत असू. पण देश आपला म्हणून निवडही त्याचीच करत असू, आणि अर्ध्या मिनिटात हरून उठत असू. त्याच्या त्या लांब हातांना सांभाळणे नवख्याचे काम नव्हे.

माझ्याजवळ दोनच रुपये असल्याने मला त्या खुर्चीवर अधिक काळ टिकणे भाग होते. म्हणून मी र्‍यूकडे वळलो. पांढरा वेश, कपाळाला लाल पट्टी, अनवाणी पाय. दिसायला आठांत सर्वांत साधा. झांगीफ हा रशियन पहिलवान त्याच्याहून कितीतरी बलवान, चुन-ली ही चिनी युवती त्याच्याहून चपळ, धालसीमचा पल्ला त्याच्याहून लांब. र्‍यूचे बळ मध्यम, वेग मध्यम, पल्लाही मध्यमच. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर ‘समाधानकारक’ असा शेरा मिळणारी मुले असतात, त्यांतला तो एक. तो शेरा माझ्या ओळखीचा होता. कदाचित त्यामुळेही तो मला जवळचा वाटला असावा.

र्‍यूजवळ तीन मुख्य विशेष डाव आहेत. दांडी खालून पुढच्या बाजूला पाव वर्तुळात फिरवून ठोशाचे बटण दाबले की त्याच्या जुळवलेल्या तळहातांतून निळसर ज्योतीचा गोळा सुटतो आणि समोरच्याच्या दिशेने सरकत जातो. हा हादोकेन. दादरच्या त्या दुकानात आम्ही सारे त्याला ‘आडुकेन’ म्हणत असू. दुसरा शोर्‍यूकेन, म्हणजे जमिनीवरून उसळून वर आकाशात मारलेला ठोसा. तिसरा वावटळीसारखी फिरणारी लाथ. यांतले पहिले दोन समजले की र्‍यूचा स्वभाव समजला. हादोकेनने समोरच्याला इजा व्हावी ही अपेक्षा दुय्यम असते. तो एक प्रश्न असतो. गोळा येताना दिसतो आहे, आता तू काय करशील? समोरचा अडवील, तर त्याचे पुढे येणे थांबेल. अडवून कंटाळेल, तर त्यावरून उडी मारील. उडी मारली, की खाली र्‍यू शोर्‍यूकेन घेऊन तयारच असतो. सगळी लढाई त्या एका उडीसाठी असते.

परंतु यात एक मेख आहे. शोर्‍यूकेन मारायला घाई केली आणि समोरच्याने उडी मारलीच नाही, तर र्‍यू एकटाच आकाशात जातो आणि हात वर केलेल्या अवस्थेत, पूर्ण निराधार, खाली उतरतो. समोरच्याने जमिनीवर उभे राहून त्याची नुसती वाट पाहायची आणि मग मनसोक्त मारायचे. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्याची जी गत आपल्या समाजात होते, तीच इथेही होते.

जाणकार खेळाडू या खेळाचे जे गणित सांगतात ते समजून घेण्यासारखे आहे. पडद्यावर दर सेकंदाला साठ चित्रे सरकतात. हलका ठोसा लागायला चारएक चित्रांचा अवधी पुरतो, म्हणजे सेकंदाचा पंधरावा हिस्सा. एवढ्या अवधीत डोळ्यांनी पाहून हाताने उत्तर देणे मानवी देहाला शक्य नाही. उडी मात्र बराच वेळ हवेत राहते, ती पाहून उत्तर देता येते. शिवाय प्रत्येक कृतीला तिचा प्रतिकार आहे. ठोसा अडवता येतो, अडवणाऱ्याला पकडून आपटता येते, आणि पकडायला येणाऱ्याला ठोसा मारता येतो. या तिघांत श्रेष्ठ कोणीच नाही. त्यामुळे र्‍यू खेळणाऱ्याला समोरच्याचे हात पाहून भागत नाही, त्याला माणूस पाहावा लागतो. हा घाबरला की काय करतो? मार खाल्ल्यावर किती वेळ शांत राहू शकतो? जिंकत असताना त्याची कुठली सवय उघडी पडते? सर्वांत बलवान योद्धा खेळणाऱ्याला या चौकशीची गरज फारशी भासत नाही. मध्यम माणसाला ती करावीच लागते, आणि करता करता तो समोरच्याला ओळखू लागतो.

धीर फुकट मिळत नाही, हेही हा खेळ रोखठोक सांगतो. मार अडवायचा तर दांडी मागे ओढावी लागते आणि मागे ओढली की योद्धा मागे सरकतो. नुसताच बचाव करणारा शेवटी पडद्याच्या कडेला, भिंतीला टेकतो. 2023 च्या जून महिन्यात आलेल्या सहाव्या भागात तर बचावाची किंमत उघड मोजून घेतली जाते. बळाच्या पट्टीखाली आणखी एक पट्टी असते, प्रत्येक मार अडवताना ती थोडी थोडी संपत जाते, आणि ती पूर्ण संपली की योद्धा थकून दुबळा होतो. मग अडवलेल्या विशेष डावांचाही घाव लागू लागतो. ही पट्टी लवकर भरून यावी यासाठी जे उपाय आहेत त्यांपैकी एक मला फार आवडतो. पुढे चालत राहायचे.

र्‍यूला खेळाच्या कर्त्यांनी दिलेली जीवनकथाही त्याच्या स्वभावाला साजेशी आहे. तो अनाथ आहे. गोकेन नावाच्या गुरूने त्याला वाढवले, शिकवले. त्याच्यासोबत केन नावाचा सधन घरचा अमेरिकन मुलगा त्याच गुरूकडे शिकला. दोघांची विद्या एकच, स्वभाव भिन्न. केन तापट, हौशी, सतत चाल करणारा. र्‍यू अबोल. 1991 च्या खेळात या दोघांचे डाव जवळजवळ तंतोतंत सारखे होते. पुढल्या वर्षापासूनच्या आवृत्त्यांत ते हळूहळू वेगळे होत गेले. एका घरात वाढलेल्या दोन भावांचे असेच होते. आणि शांत दिसणाऱ्या या र्‍यूच्या आतही एक काळोखी वृत्ती आहे. प्रतिस्पर्ध्याचा जीव घेण्याची ओढ, असे कथेत तिचे वर्णन येते. तिच्याच भरात मारलेल्या एका ठोशाने सगात नावाच्या योद्ध्याच्या छातीवर कायमचा व्रण उठला. 2016 च्या पाचव्या भागातील कथेत तो त्या ओढीवर मात करतो. शांत माणूस जन्मतःच शांत असतो असे आपण गृहीत धरतो. कथाकारांनी तसे धरले नाही, याचे मला कौतुक वाटते.

हे सारे मी कधीच विसरून गेलो असतो. नोकरी लागली, संसार मांडला, दादरचे ते दुकान उठून तिथे मोबाइलचे दुकान आले. परंतु 2023 च्या जुलै महिन्यात माझा भाचा आमच्याकडे राहायला आला. बारावीनंतरच्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत त्याला फार कमी गुण मिळाले होते. शाळेत तो सदैव पहिल्या तिघांत असायचा. त्याच्या वडिलांची नोकरी जहाजावरची, आणि आई, म्हणजे माझी बहीण, परिचारिका. तिच्या रात्रपाळ्यांत मुलगा घरी एकटा राहू नये म्हणून तिने त्याला वसईला पाठवले. येताना त्याने कपड्यांची एक लहान पिशवी आणि खेळाचे यंत्र आणले. आम्ही विचारू तेवढ्याचे उत्तर तो देई, आणि ते उत्तर बहुधा ‘काही नाही’ हेच असे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी रात्री जेवणानंतर त्याच्या खोलीतून ओळखीचा आवाज आला. ‘हादोकेन!’ मी दारात उभा राहिलो. पडद्यावर दाढी राखलेला, खांद्यावरून भिक्षूसारखे वस्त्र घेतलेला र्‍यू मार खात होता आणि भाचा केनच्या बाजूने त्याला बेदम मारत होता. मी विचारले, “मला येईल का रे हे?” त्याने न बोलता दुसरा कंट्रोलर पुढे केला. मी र्‍यू निवडला तेव्हा तो इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला.

“मामा, र्‍यू म्हणजे नुसता कंटाळा. त्याला सगळं येतं, पण एकातही तो पहिला नाही.”

मी म्हटले, “बघू या.”

त्यानंतर रोज रात्री तीन सामने हा आमचा नेम झाला. पहिले दोन आठवडे मी सपाटून हरलो. बोटे जड झाली होती, नवे नियम अंगवळणी पडत नव्हते. हळूहळू मी अडवायला शिकलो, आणि अडवता अडवता मला माझा भाचा दिसू लागला. लागोपाठ दोनदा मार बसला की तिसऱ्या वेळी तो हमखास उडी मारी. त्याला मार खाऊन जागेवर उभे राहता येत नसे. तो जिंकत असला तरी घाई करी, जणू हातातला विजय कुणीतरी काढून घेणार आहे. हरल्यावर तो संतापत नसे. अगदी शांत होई, आणि ती शांतता मला आवडत नसे.

बहीण रोज फोन करी. “बोलला का काही?” “नाही.” “तू विचार ना त्याला. तुझ्याशी बोलेल तो.” मी विचारत नव्हतो. तिला ते निष्काळजीपणाचे वाटे, आणि एके दिवशी तिने तसे स्पष्ट बोलूनही दाखवले. पत्नीही म्हणे, “मुलगा खोलीत कोंडून घेतो आणि तुम्ही त्याच्यासोबत खेळत बसता!” त्यांचे म्हणणे चूक नव्हते. माझ्याजवळ मात्र एवढेच होते की तो दर रात्री नऊ वाजता दुसरा कंट्रोलर माझ्यासाठी काढून ठेवू लागला होता. मी सल्ला दिला असता तर तो आकाशात मारलेला ठोसा ठरला असता, असे मला आतून वाटे. समोरचा अजून जमिनीवरच होता.

ऑगस्टमध्ये एके रात्री त्याने मोबाइलवर मला एक चित्रफीत दाखवली. 2004 सालची, अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पोमोना येथे झालेल्या ‘एव्हो’ स्पर्धेतली. जपानचा दाइगो उमेहारा केन घेऊन खेळत होता, समोर अमेरिकेचा जस्टिन वाँग चुन-ली घेऊन. दाइगोच्या बळाची पट्टी संपत आलेली, इतकी की अडवलेल्या माराच्या झळीनेही तो कोसळला असता. जस्टिनने पंधरा लाथांचा महाडाव सोडला. खेळाच्या त्या भागात मार टोलवण्याची सोय होती, पण त्यासाठी नेमक्या क्षणी दांडी पुढे, म्हणजे येणाऱ्या घावाच्याच दिशेने, ढकलावी लागे. किंचित चुकले की सगळे संपले. दाइगोने पंधराही लाथा टोलवल्या, शेवटची तर हवेत उडी घेऊन, आणि मग एकाच हल्ल्यात सामना जिंकला. प्रेक्षकांचा तो आरडाओरडा आजही ऐकताना अंगावर काटा येतो.

मी म्हटले, “आणि ती स्पर्धा तो हरला.”

भाचा चमकला. त्याला ते ठाऊक नव्हते. तो सामना अंतिम फेरीच्या आधीचा होता. अंतिम फेरीत केन्जी ओबाटा या दुसऱ्या जपानी खेळाडूने दाइगोला हरवले. मी त्याला पुढचेही सांगितले. त्यानंतर दाइगोने खेळ सोडला आणि काही काळ वृद्धांची शुश्रूषा करण्याची नोकरी केली. 2008 साली ‘स्ट्रीट फायटर’चा चौथा भाग आला तेव्हा तो परतला, आणि 2009 व 2010 अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने तीच एव्हो स्पर्धा जिंकली. या वेळी त्याचा योद्धा होता र्‍यू.

भाचा बराच वेळ मोबाइलकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “हरला, तरी लोक हाच सामना बघतात.”

“बघतात खरे.”

आम्ही पुढचा सामना सुरू केला. तो नेहमीसारखा धावून आला नाही. अर्धी फेरी झाली असेल, पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, “मामा, तुला कधी वाटलं नाही, एखाद्या गोष्टीत तरी आपण पहिलं यावं?”

“वाटलं की.”

“मग?”

“मग त्याचं काय करायचं ते कळलं नाही. समोर आलेलं काम करत राहिलो.”

“आणि तेवढं पुरलं?”

“अजून तरी पुरतंय.”

तो थोडा हसला. त्याचा केन जागीच उभा होता, माझा र्‍यूही. घड्याळ उतरत होते. मग त्याने सांगायला सुरुवात केली. परीक्षेत अर्ध्या वेळानंतर त्याचे हात थंड पडले होते. येत असलेल्या उत्तरांवरही त्याचा विश्वास राहिला नव्हता. आणि निकाल लागला त्या संध्याकाळी घरी परतण्याआधी तो बराच वेळ रेल्वेच्या रुळांच्या कडेला उभा होता. दोन गाड्या गेल्या. तिसरी येण्याआधी कुणा अनोळखी माणसाने ‘ए, बाजूला हो’ असे दरडावले, आणि तो घरी आला. हे त्याने कुणालाही सांगितले नव्हते.

वाचकहो, धीराविषयी मला जे काही सांगायचे आहे ते या ठिकाणी सांगायचे आहे. सहा आठवडे मी थांबलो होतो. पण हे ऐकल्यावर आणखी थांबणे म्हणजे धीर नव्हे, ते अंग चोरणे झाले असते. र्‍यू जमिनीवर उभा राहून वाट पाहतो ती उडीच्या त्या एका क्षणासाठी, आणि तो क्षण आला की त्याला अर्धा सेकंदही विचार करायची मुभा नसते. मी कंट्रोलर खाली ठेवला. त्याला जवळ घेतले. त्याला स्वच्छ शब्दांत विचारले, “आताही तसं वाटतं का?” तो म्हणाला, “कधी कधी.” त्याला सांगूनच मी त्याच रात्री बहिणीला फोन लावला. ती पहाटे, पाळी संपल्याबरोबर, थेट वसईला आली. त्या आठवड्यात आम्ही तिघे मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो, आणि पुढले कित्येक महिने जात राहिलो. खेळाने मुलगा बरा केला असे मी म्हणणार नाही. त्याला बरे केले ते डॉक्टरांनी, त्याच्या आईने, आणि मुख्यतः त्याने स्वतः. खेळाने एवढेच केले की तो बोलेपर्यंत त्याच्या शेजारी बसायला मला एक जागा दिली.

त्या सप्टेंबरात चीनमधील हांगचौ येथे आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. त्यांत पदकांच्या खेळांमध्ये ‘स्ट्रीट फायटर’चाही समावेश होता आणि भारताचेही खेळाडू त्यात उतरले होते. सुवर्णपदक मिळाले दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांना. अंतिम सामना चार विरुद्ध तीन असा अटीतटीचा झाला. भाचा धावत स्वयंपाकघरात आला. “मामा, तो चव्वेचाळीस वर्षांचा आहे! तुझ्यापेक्षा सहाच वर्षांनी लहान!” बोटांचा वेग हेच ज्या खेळाचे भांडवल समजले जाते, त्यात विशी-पंचविशीतल्या मुलांना मागे टाकून हा गृहस्थ पहिला आला होता. पत्नी म्हणाली, “आता तुम्ही त्या पदकाच्या नादी लागू नका म्हणजे झाले.” त्या दिवशी आमच्या घरात पुष्कळ दिवसांनी तिघेही एकाच गोष्टीला एकाच वेळी हसलो.

भाच्याने ती प्रवेशपरीक्षा पुन्हा दिली नाही. बहिणीला सुरुवातीला थोडे लागले. त्याने प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका घेतली आणि आता एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करतो. रक्ताच्या नमुन्यांसमोर बसून यंत्राने दिलेला आकडा पुन्हा एकदा तपासून पाहणे, शंका आली तर तो नमुना बाजूला काढणे, हे त्याचे काम. त्याची पाळी नसेल त्या रविवारी, मिस्सा आटोपल्यावर, तो आमच्याकडे जेवायला येतो आणि जेवणानंतर आमचे तीन सामने होतात. तो अजूनही केनच खेळतो. स्वभाव बदलायला हवा असे मला कधी वाटले नाही. केनचेही या जगात काम आहे. पण मागे एकदा त्याने एक फेरी अशी खेळली की मी पाहतच राहिलो. मी हादोकेन सोडत होतो, तो एकेक गोळा अडवत, दर वेळी दोन पावले पुढे येत होता. उडी नाही, घाई नाही. शेवटी तो माझ्या अगदी जवळ आला, आणि मी आता अडवत बसणार हे ओळखून त्याने मला सरळ पकडून आपटले. तेव्हाच्या त्या मुलाला कुणी सांगितले असते, की मार अडवत अडवतही पुढे चालता येते, तर त्याने विश्वास ठेवला नसता.

आपल्या प्रत्येक घरात, प्रत्येक कुटुंबात एखादा तरी र्‍यू असतो. त्याचा फोटो वर्तमानपत्रात येत नाही. गुणवंतांच्या सत्कारात त्याचे नाव पुकारले जात नाही. त्याला थोडे सुतारकाम येते, थोडे हिशेब येतात, आजाऱ्याच्या उशाशी जागता येते, भांडणाऱ्या दोघांच्या मध्ये उभे राहता येते. त्याच्याकडे एकही अचाट डाव नसतो. पण कुठलाही प्रश्न आला की त्याच्याकडे एक पुरेसे उत्तर असते, आणि प्रश्न यायच्या आधी ते देण्याची त्याला घाई नसते. अशा माणसाला आपण ‘साधा’ म्हणतो आणि विसरतो. तो माणूस त्या काळात काय करत होता, हे त्याच्या शेजारी बसल्यावाचून कळत नाही.

र्‍यू खेळणाऱ्याला एक गोष्ट मात्र नीट पाहता येते. दोन्ही योद्धे काही न करता समोरासमोर थांबलेले असतात, कोणतेच बटण दाबलेले नसते, तेव्हाही तो पुतळ्यासारखा उभा नसतो. गुडघे किंचित वाकलेले, मुठी छातीशी, श्वासाबरोबर खांदे वरखाली होत असतात, आणि अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर अखंड सरकत असतो. पाहणाऱ्याला वाटते की इथे काहीच चाललेले नाही. खेळणाऱ्याला ठाऊक असते की तो निघायच्या तयारीत उभा आहे.